मतपेटीआधीचा पुढारी

२२ जानेवारी १८६२. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये इलाख्याच्या कायदेमंडळाची पहिली बैठक भरली. अध्यक्षस्थानी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क. सभासदांत बहुतेक गोरे अंमलदार आणि व्यापारी, त्यांच्या बरोबरीनं काही मोजके हिंदी गृहस्थ. सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या इलाख्यासाठी कायदे करायला हे मंडळ बसलं होतं. हिंदी सभासदांत गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे होते, वय साठीला टेकलेलं. गाव त्यांना नाना म्हणून ओळखत होतं.

त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं. कायदेमंडळासाठी मतदान ही गोष्टच या देशात तेव्हा नव्हती. सरकारनं नेमलं म्हणून ते तिथे बसले. पण सरकारनं त्यांनाच का नेमलं, याचं उत्तर मागच्या तीस-पस्तीस वर्षांत आहे. त्या काळात मुंबईत शाळा काढायची असो, रेल्वेची कल्पना लोकांच्या गळी उतरवायची असो, स्मशानाची जागा वाचवायची असो की लंडनच्या पार्लमेंटला अर्ज धाडायचा असो, या माणसाच्या सहीवाचून काम पुढे सरकत नसे. लोकशाहीचा इतिहास आपण निवडणुकांपासून मोजतो. मला वाटतं, मुंबईपुरता तरी तो एका व्यापाऱ्याच्या पेढीपासून मोजायला हवा.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणं दैवज्ञ ब्राह्मणांचं. अठराव्या शतकाच्या मध्याला घराण्यातले बाबुलशेट मुंबईत आले आणि इथल्या व्यापारात स्थिरावले. फोर्टातल्या गनबाव स्ट्रीटचं नाव याच घराण्यातल्या गनबाशेट यांच्यावरून पडलं असावं, असं मुंबईच्या स्थलनामांचे अभ्यासक मानतात. आज तो रस्ता रुस्तम सिधवा मार्ग म्हणून ओळखला जातो, पण जुन्या दुकानदारांच्या तोंडी अजून गनबाव आहे. वडील शंकरशेट बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. आई भवानीबाई नानांच्या लहानपणीच गेल्या. मुलाला इंग्रजी यावं म्हणून वडिलांनी घरी शिक्षक ठेवला. त्या पिढीतल्या व्यापाऱ्याच्या मुलाला हिशेब, मोडी आणि कामचलाऊ इंग्रजी पुरत असे. नानांचं इंग्रजी त्याच्या पुष्कळ पुढे गेलं, आणि ही गोष्ट पुढे एका मोठ्या वादात महत्त्वाची ठरणार होती.

१८२२ साली शंकरशेट वारले. एकोणीस वर्षांच्या मुलावर पेढी, जमिनी, वाडे आणि घराण्याचं नाव असं सगळं एकदम येऊन पडलं. नानांच्या व्यवहारातल्या सचोटीविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: अरब, अफगाण व्यापारी बँकांपेक्षा नानांकडे आपला पैसा विश्वासानं ठेवत. ती बाजूला ठेवली, तरी इतर कामांवरून दिसतं की मुंबईच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मोल होतं. जो व्यापार परमुलखातल्या अनोळखी माणसांशी चालतो, तो अशा शब्दावरच उभा असतो. हुंडी वटणार की नाही, हे ती कोणी लिहिली यावर ठरतं. नानांनी बाजारात कमावलेला हा भरवसा पुढे सार्वजनिक कामात वापरला, आणि त्यांचं सारं राजकारण त्यावर उभं राहिलं.

सुरुवात शिक्षणानं झाली. वडील गेले त्याच १८२२ साली मुंबईत देशी मुलांच्या शाळा आणि शाळापुस्तकांसाठी एक संस्था सुरू झाली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तिचे आश्रयदाते. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. सदाशिव काशिनाथ छत्रे, बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखी माणसं तिच्या कचेरीत काम करत होती, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची, भूमितीची, व्याकरणाची मराठी पुस्तकं तयार होत होती. नाना या सोसायटीच्या कामात अगदी तरुणपणी शिरले. १८२७ साली एल्फिन्स्टन मायदेशी निघाले, तेव्हा मुंबईच्या धनिकांनी त्यांच्या स्मरणार्थ लाखोंचा निधी उभा केला आणि इंग्रजी, शास्त्र, कला शिकवायला प्राध्यापक नेमावेत असं ठरवलं. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी, महादेव गोविंद रानडे हे सारे पुढे याच संस्थेतून बाहेर पडले. वर्गणी देणारे अनेक होते. नानांचं वेगळेपण असं की वर्गणी दिल्यावर ते घरी गेले नाहीत. ते समितीत बसले आणि तीस-चाळीस वर्षं बसून राहिले.

समितीत बसण्याचं हे काम कंटाळवाणं असतं. इतिवृत्तं, हिशेब, अर्ज, प्रत्युत्तरं. त्यात नाट्य नसतं, म्हणून चरित्रकार ते चटकन उरकतात. पण संस्था टिकतात त्या अशाच माणसांमुळे.

*

राजकीय हक्काची पहिली लढाई न्यायालयात झाली. १८२६ च्या कायद्यानं हिंदी लोकांना ज्यूरीत बसायची परवानगी दिली, पण दोन अटी घालून. ख्रिस्ती आरोपीचा न्याय ख्रिस्ती ज्यूरीच करणार, आणि ग्रँड ज्यूरीत बिगरख्रिस्ती बसणार नाहीत. ग्रँड ज्यूरीचं काम असं, की आरोपीवर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे आधी ठरवायचं. म्हणजे साहेबानं देशी माणसाला मारलं, तर प्रकरण न्यायाधीशासमोर जाणार की नाही हे दुसरे साहेब ठरवणार. मुंबईच्या हिंदू, पारशी, मुसलमान पुढाऱ्यांनी याविरुद्ध अर्ज केले. त्या खटाटोपात नाना पुढे होते. १८३२ च्या कायद्यानं दोन्ही अटी गेल्या आणि हिंदी माणसाला जस्टिस ऑफ द पीस होण्याचा मार्गही खुला झाला. मुंबईत पहिल्यांदा नेमलेल्या हिंदी जस्टिसांच्या यादीत नानांचं नाव आहे.

जस्टिस ऑफ द पीस ही पदवी आज कोणाला मोठी वाटणार नाही. त्या काळी शहराचा कारभार याच जस्टिसांच्या बैठकीत चालायचा. रस्ते कोणते झाडायचे, घरपट्टी किती बसवायची, गटारं कोणाच्या दारावरून न्यायची हे सारं तिथे ठरे. नगरपालिका जन्माला येण्याआधीची ती नगरपालिका. मुंबईकरांच्या वतीनं, मुंबईकरांच्या पैशाबद्दल, मुंबईत बसून निर्णय घेणारी हिंदी माणसं प्रथम दिसतात ती इथे.

या काळातली एक हकीकत गिरगावात अजून सांगतात. सोनापूरचं स्मशान वस्तीच्या मधोमध आलं होतं. शहर वाढत होतं, आरोग्याची चिंता खरी होती, आणि दहनभूमी शिवडीकडे हलवावी असा विचार सुरू झाला. गिरगाव, ठाकुरद्वार, भुलेश्वरातल्या माणसांनी खांद्यावरून प्रेत शिवडीपर्यंत कसं न्यायचं? पावसाळ्यात, चिखलातून, इतकं अंतर? नानांनी हिंदूंची बाजू लावून धरली आणि दहन सोनापुरातच राहिलं. तिथल्याच चंदनवाडीच्या स्मशानात आजही दक्षिण मुंबईतली माणसं आपल्या माणसांना निरोप देतात. पुढाऱ्याची परीक्षा अशा प्रश्नात होते. मोठ्या तत्त्वांवर बोलणं त्यामानानं सोपं असतं. मेलेल्या माणसाला किती मैल न्यावं लागेल, याचा हिशेब मांडायला माणूस त्याच गल्लीतला असावा लागतो.

*

आता त्या वादाकडे येतो, ज्यासाठी मला नाना सर्वांत मोठे वाटतात.

१८४० साली सरकारनं बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. अध्यक्ष आणि तीन सभासद सरकारचे, तीन सभासद नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीकडून आलेले: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. १८४३ साली सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी बोर्डाचे अध्यक्ष झाले. पेरी हुशार होते, कामसू होते, आणि त्यांची मतं पक्की होती. बोर्डाकडे वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास रुपये. एवढ्याशा पैशात एवढ्या मोठ्या इलाख्यातल्या सगळ्या मुलांना शिकवणं अशक्य आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वरच्या वर्गातल्या थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिकवावं. ती शिकली की ज्ञान आपोआप खाली पाझरेल. बंगालमध्ये मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर हीच वाट धरली होती.

बोर्डातच याला विरोध झाला. कर्नल झालेले जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी मराठी पुस्तकं तयार करण्यात हयात घालवली होती. आणि तिन्ही हिंदी सभासद त्यांच्याबरोबर गेले. बोर्ड मधोमध दुभंगलं. १८४७ साली दोन्ही बाजूंनी लेखी टिपणं दिली.

नानांचं टिपण इंग्रजीत आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. इंग्रजीला माझा विरोध नाही. ज्यांना सवड आहे, ऐपत आहे, त्यांनी ती अवश्य शिकावी आणि सरकारनं तिला उत्तेजन द्यावं. पण देशातल्या लोकांच्या मोठ्या समुदायापर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचं असेल, तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल. इंग्रजीनं ते पोचवू म्हटलं, तर मूठभरांच्या पलीकडे कधीच जाता येणार नाही. आणि देशी भाषा ज्ञान पेलायला असमर्थ आहेत, असं मानण्याचं कारण नाही. संस्कृतचा आधार घेऊन त्यांत हवा तो विषय मांडता येईल.

हे लिहिणारा माणूस कोण आहे, हे पाहावं. त्याच्या घरी लहानपणापासून इंग्रजी शिक्षक होता. गव्हर्नरांशी, न्यायाधीशांशी तो त्यांच्या भाषेत बोलत होता. इंग्रजी शिक्षणाचा जो फायदा मिळायचा, तो त्याला आणि त्याच्या मुलांना मिळणारच होता, कारण पैसा घरात होता. पेरींच्या योजनेत ज्या वरच्या वर्गाचं भलं होतं, त्या वर्गात नाना अगदी वर होते. तरीही त्यांनी जे मागितलं, ते स्वतःच्या वर्गासाठी मागितलं नाही. मुरबाडच्या, जुन्नरच्या, रत्नागिरीच्या शाळेतल्या मुलासाठी मागितलं. राजकारणात प्रतिनिधी म्हणजे काय, याची इतकी स्पष्ट खूण मला दुसरी सापडत नाही.

त्यात व्यापाऱ्याचा विचारही दिसतो. बाजार हा मोठ्या संख्येवर चालतो, हे पेढीवर बसणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. चार श्रीमंत गिऱ्हाइकांवर दुकान चालत नाही. पाझरून पाझरून खाली काय उरतं, हेही त्याला ठाऊक असतं.

वाद मिटला तो तडजोडीवर. खालच्या शाळा देशी भाषेत चालतील, वरचं शिक्षण इंग्रजीत. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात हीच मांडणी सगळ्या देशासाठी आली. मुंबई इलाख्यात खेडोपाडी मराठी, गुजराती, कानडी शाळा टिकल्या आणि वाढल्या, त्याच्या मुळाशी बोर्डातल्या चार माणसांचा हा हट्ट आहे. विद्यापीठात मात्र मराठीला उंबऱ्याबाहेर काढण्यात आलं, आणि ती आत यावी म्हणून न्यायमूर्ती रानडे आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडत राहिले. तो झगडा नानांनीच सुरू केलेला.

मुलींच्या शिक्षणाचंही इथेच सांगायला हवं. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापली आणि १८४९ पासून मुलींच्या मराठी, गुजराती शाळा सुरू केल्या. पोरगेल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना जागा कोण देणार? शिकलेली मुलगी विधवा होते, असं उघड बोललं जाई. नानांनी गिरगावातल्या आपल्या आवारात जागा दिली आणि खर्चाची तजवीज केली. ते काही बंडखोर सुधारक नव्हते. देवळं, सोवळं, कुळधर्म सगळं पाळणारे गृहस्थ. पण नानांच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर शेजारच्या बापाला मुलगी धाडायला धीर येत असे. बाजारात जो भरवसा हुंडीला चालायचा, तो इथे शाळेच्या उपयोगी पडला.

*

रेल्वेबद्दल फार लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. कापूस वऱ्हाडात, बंदर मुंबईत, मध्ये घाट. बैलांच्या पाठीवरून माल यायला आठवडे लागत आणि पावसात भिजला तर भाव पडे. लोखंडी रस्त्याची गरज मुंबईच्या व्यापाऱ्याला कोणी पटवून द्यावी लागली नाही. १८४५ च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना यांनी रेल्वेच्या कल्पनेमागे आपलं वजन उभं केलं. लंडनमध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनी उभी राहिली, तेव्हा तिच्या मुंबईच्या समितीत हे दोघे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी सुटली. पुढे भोर घाट खोदून १८६३ मध्ये वाट मोकळी झाली. तो घाट बांधताना किती मजूर मेले, ही त्या कथेची दुसरी बाजू. नाना आणि जमशेटजींची नावं घेताना ती विसरू नये.

नाटकाच्या बाबतीत मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण मराठी रंगभूमी नानांना फारच कमी आठवते. कोटाबाहेर, ग्रँट रोडला नानांनी जागा दिली आणि १८४६ साली तिथे नाट्यगृह उभं राहिलं. आधी तिथे इंग्रजी खेळ झाले. १८५३ साली विष्णुदास भावे सांगलीहून आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि मराठी नाटक प्रथमच अशा बंदिस्त, तिकीट लावलेल्या थिएटरात उभं राहिलं. त्याच वर्षी तिथेच पारशी नाटकमंडळीचा खेळही झाला. मराठी, गुजराती, उर्दू व्यावसायिक रंगभूमीच्या वाटा या एका जागेतून निघतात. लोक त्याला शंकरशेटांची नाटकशाळा म्हणत. आज ग्रँट रोड स्टेशनाबाहेर, नाना चौकातल्या त्या गोल आकाशमार्गाखाली उभं राहिलं, तर आसपास याची साधी पाटीही दिसत नाही. एक पाटी तरी लावायला हरकत नसावी.

*

२६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सभा भरली आणि बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली राजकीय संस्था. नाना अध्यक्ष, सर जमशेटजी सन्माननीय अध्यक्ष, भाऊ दाजी चिटणीस, आणि तरुण मंडळींत दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण पुढच्या वर्षी पार्लमेंटात यायचं होतं. असोसिएशननं अर्ज धाडला. कारभार महाग आहे आणि बंद दाराआड चालतो. देशी माणसांना वरच्या जागा नाहीत. वसूल झालेल्या पैशातून रस्त्यांवर, पाण्यावर, शाळांवर फारच थोडं खर्च होतं. कायदे करणाऱ्या मंडळात इथल्या लोकांना जागा द्यावी.

या अर्जामुळे काही धनवान सभासद घाबरले आणि बाजूला झाले. सरकारची कंत्राटं, पदव्या, ओळखी यांवर ज्यांचं बरंच अवलंबून होतं, त्यांना असा अर्ज धोक्याचा वाटणं साहजिक होतं. नाना राहिले. त्यांनाही गमावण्यासारखं पुष्कळ होतं. एल्फिन्स्टनमधून शिकून आलेली पंचविशीतली मुलं मसुदे लिहीत होती आणि पन्नाशीला टेकलेला शेट त्यांच्यावर आपलं नाव लावत होता. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, दादाभाई गणिताचे प्राध्यापक. ज्या संस्था नानांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वीस वर्षं राखल्या होत्या, त्यांतूनच ही पोरं तयार झाली होती, आणि आता ती नानांना त्यांच्या मूळ वाटेपेक्षा पुढे ओढत होती. नाना ओढले गेले, आणि हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. अनेक कर्ते पुरुष आपणच उभी केलेली पिढी पुढे निघाली की तिच्या वाटेत आडवे येतात.

असोसिएशन दहा वर्षांत थंडावली. १८६७ साली ती पुन्हा उभी करण्यात आली. तिचीच परंपरा सांगणारी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन १८८५ च्या सुरुवातीला फिरोजशहा मेहता, तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजींनी काढली, आणि त्याच वर्षी २८ डिसेंबरला गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. नाना चौकातून ती जागा पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

*

आता पुन्हा १८६२ च्या त्या सभेकडे. १८६१ च्या कायद्यानं असोसिएशनची एक मागणी निम्मी का होईना, मान्य झाली. हिंदी माणसाला कायदेमंडळात जागा मिळाली. पण मंडळाला प्रश्न विचारता येत नव्हते. अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हतं. समोर आलेल्या विधेयकावर तेवढं बोलायचं, आणि तेही इंग्रजीत. गव्हर्नर आणि त्यांच्यावरचे गव्हर्नर जनरल यांनी मान हलवली तरच कायदा. आज आमदार ज्या हत्यारांनी लढतो, त्यातलं एकही नानांच्या हाती नव्हतं.

नानांनी सभागृहातल्यापेक्षा बाहेरचं काम जास्त केलं. गव्हर्नर बार्टल फ्रिअर आले, कोटाच्या भिंती पडू लागल्या, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६२ च्या नोव्हेंबरात भायखळ्याला वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी झाली. समितीचे अध्यक्ष नाना, चिटणीस भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड. इमारत पुरी व्हायला दहा वर्षं लागली. आज ते भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचेही नाना फेलो होते. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केलं. ते आज वाचताना नानांची मुंबई डोळ्यांसमोर उभी राहते: तेलाचे दिवे, तळी, बग्ग्या, नव्या गिरण्यांची धुराडी. त्यातल्या कितीतरी गोष्टींमागे नाना होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला शेअर बाजारातले मुदतीचे सौदे पुरे करायचा दिवस उगवला आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या एका दिवसात बुडाल्या. बॅक बे भरावाच्या कंपनीचे पाच हजारांचे शेअर पन्नास हजारांवर गेले होते, ते कागदाच्या मोलाचे झाले. ज्या बाजाराच्या भरवशावर एका पिढीनं शाळा, रेल्वे, दवाखाने उभारले होते, तो बाजारच गडगडला. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना वारले.

त्याच वर्षी नव्या कायद्यानं मुंबईला एका आयुक्ताच्या हाताखालची नगरपालिका मिळाली. १८७२ च्या कायद्यानं ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडायचे ठरले आणि १८७३ मध्ये मुंबईकरांनी पहिल्यांदा मतदान केलं. मत तेही ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांनाच. गिरणीत काम करणारा, पालखी वाहणारा, भंगी, विधवा यांना नाही.

इथे नानांच्या राजकारणाची मर्यादा दिसते आणि ती लपवून त्यांचा मान वाढणार नाही. बोर्डात तीन धर्मांची माणसं होती, पण तिघेही श्रीमंत. असोसिएशनला शेतकऱ्यांविषयी कळकळ होती, पण तिच्या सभेत शेतकरी बसत नव्हता. नानांनी देशी भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला, तरी गावच्या शाळेत अस्पृश्य मुलाला बाहेर बसावं लागत होतं आणि त्याबद्दल त्या टिपणात काही नाही. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांनी सरकारला विचारलं की शेतकऱ्यांकडून वसूल केलेला पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर का खर्चता, बहुजनांच्या प्राथमिक शाळांवर का नाही. पेरींच्या पाझरण्याच्या सिद्धांताला पस्तीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तर होतं, आणि ते नानांच्या उत्तरापेक्षा खूप खोलवर गेलं. जोतीरावही व्यापारी होते. धातूच्या ओतकामाची साधनं विकत, सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत, आणि १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. या दोघांना एकत्र वाचायला हवं. नानांनी देशी भाषेची शाळा मागितली, फुल्यांनी त्या शाळेच्या दारात कोण उभं आहे ते दाखवलं.

नानांच्या नावानं त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी संस्कृतची शिष्यवृत्ती ठेवली. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला ती मिळे, आणि मराठी मध्यमवर्गात कित्येक पिढ्या ‘जगन्नाथ शंकरशेट’ हे नाव माणसापेक्षा त्या शिष्यवृत्तीनं ओळखत आल्या. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे. धोबीतलावाकडून ठाकुरद्वारमार्गे गिरगाव चर्चकडे जाणारा रस्ता जे. एस. एस. रोड आहे. त्या तीन अक्षरांत नाव हरवून गेलं आहे, आणि त्या रस्त्यावर लग्नपत्रिका छापायला आलेल्या तरुणाला ती अक्षरं कोणाची हे सांगता येईलच असं नाही. गंगाधर गाडगिळांनी ‘प्रारंभ’ ही कादंबरी नानांवर लिहिली. भुयारी मेट्रोच्या मुंबई सेंट्रल इथल्या स्थानकाला त्यांचं नाव मिळालं आहे. मूळ मुंबई सेंट्रललाही ते मिळावं, असा ठराव राज्याच्या विधिमंडळानं २०२४ साली केला.

नाव द्यावंच. त्याबरोबर आणखी एक करावं. १८४७ चं ते टिपण मराठीत, सुटं, दहा-वीस रुपयांत मिळेल असं छापावं आणि विधान भवनात प्रत्येक सभासदाच्या मेजावर ठेवावं. गिरगावात मराठी शाळांच्या तुकड्या एकामागून एक बंद होत आहेत, आणि मुलानं कोणत्या भाषेत शिकावं यावर सभागृहात पुन्हा पुन्हा वाद होतो. त्या वादात या सभागृहाच्या सगळ्यात जुन्या सभासदांपैकी एकाचं म्हणणं काय होतं, ते बोलणाऱ्यांनी आधी वाचलेलं असावं.